उघड्या आकाशाखालची रंगभूमि



वैशाख लागला, शाळांना सुटी पडली, शेतांतलीं रबीचीं कामें उरकलीं, कीं आमच्या शिरोळ तालुक्यांत संध्याकाळीं मंडळी घराबाहेर येऊन बसते. कृष्णा-पंचगंगेच्या कांठचें वारें सुटलेलें असतें आणि मृगाच्या पावसाला अद्याप अवकाश असतो. गांवची जत्रा, सोंगी भजन, शाहिराचा डफ हीं सारीं उघड्यावरचींच. तेव्हां खुल्या जागेंत नाटक करणें ही कल्पना आपल्याला परकी नाहीं. ती मागें पडूं देणें मात्र आपल्या हिताचें नाहीं, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

याचें उत्तम उदाहरण खुद्द कोल्हापुरांतच आहे. राजर्षि शाहू महाराज १९०२ सालीं विलायतेच्या प्रवासास गेले असतां रोम येथील प्राचीन प्रेक्षागार त्यांच्या पाहण्यांत आलें. पुढें त्यांनीं खासबागेंत कुस्त्यांचें मैदान बांधविलें आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभारलें. थिएटरचें काम १९१३ सालीं सुरू होऊन १९१५ सालीं पुरें झालें. १९५७ सालीं त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. या रचनेंतील मर्म असें कीं, नाट्यगृहाच्या पाठीमागें मैदानाकडे तोंड केलेला उघडा रंगमंचही होता. छपराखालीं शेंकडों बसतील, आकाशाखालीं हजारों बसतील, अशी ती योजना होती.

महाराजांच्या इच्छेवरून केशवरावांनीं ‘मृच्छकटिक’ नाटकाचा प्रयोग या खासबाग मैदानांत केला. ध्वनिक्षेपकाचे ते दिवस नव्हते. गळा कमावलेला आणि श्रोता शांत, एवढ्याच बळावर तो प्रयोग हजारों लोकांपर्यंत पोंचला. ज्यांना नाट्यगृहाची पायरी चढण्याचा संकोच वाटे, अशा रयतेला नाटक पाहतां आलें, हें त्यांतलें खरें मोल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं हें नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दुसऱ्या दिवशीं केशवरावांची जयंती होती. त्या रात्रीं कोल्हापूरच्या कित्येक रसिकांच्या डोळ्यांना पाणी आलें. नंतर पुनर्बांधणीचें काम हातीं घेण्यांत आलें, हें योग्यच झालें. परंतु आपण बहुधा खुर्च्या, पडदे आणि छप्पर यांचाच विचार करतों. मैदानाकडे तोंड केलेल्या त्या दुसऱ्या रंगमंचाचीही आपण तितकीच आठवण ठेवली पाहिजे.

कोणी म्हणेल, घरोघरीं पडदा आला असतां उन्हाळ्यांत हा खटाटोप कशाला? त्याचें उत्तर माझ्या शिक्षकीच्या अनुभवांत आहे. वर्गांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीं असा मुलगा चौथऱ्यावर उभा राहिला आणि आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेलेला त्यानें ऐकला, म्हणजे त्याची मानच बदलते. हें शिक्षण पाहून मिळत नाहीं, करूनच मिळतें.

आतां अडचणींविषयीं. पहिली ऊन आणि वारें यांची. वैशाखांत वारें बहुधा पश्चिमेचें असतें. म्हणून चौथरा पश्चिमेस ठेवावा, म्हणजे वारा नटाचा आवाज लोकांकडे आणतो. मात्र मावळतीचें ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येऊं नये यासाठीं पडदा सूर्यास्तानंतरच उघडावा. दुसरी अडचण वेळेची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. सवलतीचे दिवस मोजकेच असतात. पूर्वीचीं पहांटेपर्यंतचीं नाटकें गेलीं. आतां दोन-अडीच तासांत आटोपेल असेंच नाटक निवडावें. तिसरी वळिवाची. सामान हलकें असावें आणि ढग दिसतांच शेजारच्या शाळेच्या ओट्यावर नेतां यावें. चौथरा मात्र पुराच्या पाण्यापासून उंच जागीं बांधावा. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांनीं हा धडा आम्हांला दिलाच आहे.

यांत मोठ्या खर्चाची बाब एकही नाहीं. एक चौथरा, एक पिंपळ किंवा चिंच, आणि संध्याकाळीं एकत्र जमण्याची हौस, एवढें पुरतें. शहरवासी श्रोत्यांना माझी विनंति एवढीच कीं, सुटींत मुलांना गांवीं पाठवितांना नुसते पाहुणे म्हणून पाठवूं नका. त्यांना भजनी मंडळांत टाळ धरूं द्या, नाटकांत एखादें लहान काम करूं द्या. जळालेली वास्तु पैशानें पुन्हां उभी राहील. तिच्यापुढें बसणारा आणि तिच्यावर उभा राहणारा माणूस मात्र गांवोगांवीं आपणच घडवावा लागेल.