झाडावरचे महिने, अढीतले दिवस



आंब्याची पेटी घेताना आपण विचारतो, "पिकायला किती दिवस लागतील?" विक्रेता म्हणतो, "चार-पाच." त्याआधीचे चार महिने कुणीच मोजत नाही. मोहोर फळला, बोराएवढी कैरी धरली, की तिथून हापूस उतरवण्याजोगा व्हायला सुमारे चार महिने जातात. कोकणातला बागायतदार तो झाडावर पिकेपर्यंत थांबत नाही. देठाजवळ खळगा पडला, खांदे भरले, म्हणजे चौदा आणे तयार झाला, की झेल्याने देठासकट उतरवतो. देठ तुटला तर चीक ओघळून सालीवर डाग पडतात. शंका असेल तर बादलीत टाकून बघा: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं.

मग भाताच्या पेंढ्यातली अढी. तिथे आठ-दहा दिवसांत पिठूळ गर गोड होतो, आंबटपणा उतरतो. हे घडवून आणणारा इथिलीन वायू आंबा स्वतःच सोडतो, आणि एक पिकला की शेजाऱ्यांनाही घाई करतो. सीताफळं तांदळाच्या डब्यात पुरणाऱ्या आजीबाईंना वायूचं नाव ठाऊक नव्हतं. तो कोंडून ठेवायचा, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे बागायतदार हिरवी लिंबं रॉकेलच्या शेगड्या लावलेल्या खोल्यांत ठेवून पिवळी करत. श्रेय उबेला दिलं जाई. 1924 मध्ये फ्रँक डेनी या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की हे काम धुरातल्या इथिलीनचं आहे. आज जळगावची केळी रायपनिंग चेंबरमध्ये दिवसभर हाच वायू घेतात आणि चार-पाच दिवसांत पिवळी होतात. यात वावगं काही नाही. आपल्याकडे कायद्यानेही त्याला परवानगी आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात.

पण कोणताही वायू दिला तरी वाचतात ते अढीतले दिवस. झाडावरचे महिने वाचवता येत नाहीत. दहा आण्यांवर उतरवलेल्या कैरीला रंग चढेल, गोडी येणार नाही. बाजारातले पिवळेधमक आणि पाणचट आंबे बहुधा याच घाईचे. माझ्या मते यात खाणाऱ्याचाही वाटा आहे. मार्चमध्येच आमरस हवा असतो आपल्याला!

काही फळांना अढीचा टप्पाच नसतो. त्या कॅलिफोर्नियाच्या लिंबांचा फक्त रंग बदलला, रसात साखर वाढली नाही. नाशिकची द्राक्षं ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण चार महिने वेलीवर राहतात, आंबिया बहाराचं नागपुरी संत्रं आठ-नऊ महिने झाडावर. एकदा कात्री लागली की त्यांची गोडी तिथेच थांबते. डाळिंबाचंही तसंच. "घरी नेऊन ठेवा, गोड होतील," असं कुणी द्राक्षांबद्दल सांगितलं तर एक मणी तोंडात टाका आणि मगच पैसे काढा.

आणि एक विनंती. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका. बारा-तेरा अंशांखालच्या थंडीत तो पिकायचा अडतो, सालीवर काळपट डाग येतात. आधी बाहेर पिकू द्या, मग गार करा. द्राक्षं मात्र आणल्या आणल्या खुशाल आत ठेवा.