हातच्याची करामत

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, ती सारखीच. कोणी गंमत म्हणून हे अंक जुळविले असावेत असे वाटेल. परंतु नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा तो वर्ग आहे.

याची प्रचीती घेण्यास विद्यापीठ लागत नाही. सौंसरकडील बोरगावच्या एखाद्या शाळकरी मुलाने पाटीवर हा गुणाकार मांडावा. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक. फक्त ओळ एकेक घर डावीकडे सरकत जाते. उभ्या रांगांची बेरीज १, २, ३ अशी चढत मध्यभागी ९ होते व तशीच उतरते. कोठेही हातचा येत नाही, हे यातील मर्म.

आता आणखी एक १ वाढवावा. मधल्या रांगेत १० होतात, हातचा १ शेजारच्या ९ ला मिळतो, तेथेही १० होतात, आणि तो हातचा ८ चा ९ करतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मनोरा ढासळला!

या मालिकेतील संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी दिले. ज्या स्थानकावर ही कल्पना सुचली, त्या डोंबिवलीवरून ते आले. १९३० ते १९६२ ते देवळालीस शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या मास्तरांच्या शोधांना अनेक गणितज्ञ पोरखेळ समजत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा बाहेरच्या जगाचे लक्ष तिकडे वळले.

आक्षेप अगदीच निराधार नव्हता. हा चढउतार संख्येचा जितका, तितकाच आपल्या दशमान लेखनाचा गुण आहे. बाराच्या पटीने घरे मोजणाऱ्या पद्धतीत हाच मनोरा अकरा एककांपर्यंत टिकला असता. पण म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा ठरतो. लेखनपद्धती संख्येवर काय लादते, हे यातून उघड दिसते.

लेखनावर मुळीच न अवलंबणारे गुणही या संख्येत आहेत. तिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ हे तीनच. ३ चार वेळा, उरलेले दोन दोनदा. शिवाय तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. या शेवटच्या संख्येत ८ नाही. दहा एककांच्या वर्गाच्या चढणीतही तो नव्हता. ८१ ने १ ला भागून दशांश अपूर्णांक लिहीत गेल्यास तोच ८ गळालेला आढळेल, आणि तेथेही त्याला गिळणारा हातचाच आहे.