तट झिजला, चुना उरला
अलिबागहून निघण्याआधी ओहोटीची वेळ विचारून घ्या. पाणी उतरलं की कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. भोवती खारा समुद्र, आत मात्र गोड्या पाण्याची विहीर! चौलच्या वाड्या ओलांडल्या की रेवदंडा. इथे रस्ताच पोर्तुगीजांच्या तटातून गावात शिरतो. कुंडलिकेच्या पुलापलीकडे कोर्लई. १७४० मध्ये दोन्ही ठिकाणं मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज गेले, पण कोर्लईत त्यांच्या भाषेतून निपजलेली बोली अजून बोलली जाते. मला तर ती किल्ल्याहून चिवट वाटते. पुढे मुरूड. सगळे जंजिऱ्याकडे धावतात. होडी मिळाली तर शिवरायांचा पद्मदुर्गही पाहा. लाटांनी तिथले दगड खाल्लेत, सांध्यांतला चुना तसाच उभा आहे.