प्रा. एन. डी. पाटील आणि कोल्हापूरची स्मृती

शेतकरी कामगार पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील यांचे 17 जानेवारी 2022 रोजी कोल्हापुरात निधन झाले, तेव्हा शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीला आठवला तो मुख्यतः टोलविरोधी लढा, जरी 1978 च्या पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल, सरकारात ते सहकारमंत्री होते आणि 1985 मध्ये कोल्हापूर शहरातून विधानसभेवर निवडून आले होते. शहरांतर्गत सुमारे 50 किलोमीटर रस्ते खासगी कंपनीने ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर, म्हणजे स्वतःच्या भांडवलातून रस्ता करून तो खर्च ठरावीक मुदतीत वाहनधारकांकडून वसूल करण्याच्या अटीवर, तयार केले होते. रोजच्या वाटेवरील या पथकराविरुद्ध वयाची ऐंशी ओलांडलेले पाटील रस्त्यावर उतरले, आणि पेठांमधील तालमी, ज्या कुस्तीच्या आखाड्यांबरोबरच सार्वजनिक जीवनाचीही केंद्रे आहेत, त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. मंत्रिपदापेक्षा हा लढा लोकांच्या अधिक स्मरणात राहावा, हे सर्वथा उचित आहे, कारण त्या वेळी त्यांच्याजवळ कोणतेही सत्तापद नव्हते. होता तो केवळ दीर्घ सार्वजनिक आयुष्यात मिळवलेला विश्वास.