हबमधील गिअर का निसटतो?
मूळच्या इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या ‘एडब्ल्यू’ या ३ गिअरच्या हबमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यभागी दातेरी चक्रे बंदिस्त असलेल्या डब्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरदरम्यान एक अशी जागा असते, जेथे क्लच हा गती जोडणारा सरकता भाग कशातच अडकत नाही आणि उभ्याने पेडल मारणाऱ्याचा पाय एकाएकी रिकामा जातो. दोष बहुधा चक्रांचा नसून ढिल्या केबलचा असतो. हब उघडण्याची घाई अनाठायीच. गिअर बदलण्याचा खटका दुसऱ्या गिअरवर ठेवून उजव्या नटच्या भोकातून पाहिले असता, बारीक साखळीला जोडलेल्या दांड्याची कड आसाच्या टोकाशी समपातळीत दिसेपर्यंत केबलचा स्क्रू फिरवावा व लॉकनट आवळावा. त्यानंतरही गिअर निसटल्यासच क्लचच्या कडा झिजल्याचा संशय घ्यावा.