वैविध्याचा मुलामा

(प्रकाशा येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



तापी आणि गोमाईच्या संगमावर, केदारेश्वराच्या सान्निध्यात, या दक्षिणकाशीत उभे राहून चित्रपट-मालिकांविषयी बोलावे, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु पडदा आता तालुक्याच्या टॉकीजमध्ये राहिलेला नाही. तो आपल्या मुलांच्या तळहातावर आला आहे. घरात आलेल्या पाहुण्याची चौकशी करणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे.

पाश्चात्त्य चित्रसृष्टीत सध्या एका शब्दाची चलती आहे : वैविध्य. ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अकादमीने २०२० साली त्याचे निकष जाहीर केले आणि २०२४ च्या सोहळ्यापासून ते सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेला लागू झाले. चार निकषांपैकी दोन पूर्ण करावे लागतात. काही निकष पडद्यामागच्या माणसांसाठी आहेत. पडद्यावरच्या निकषाचा एक पर्याय असा, की दुय्यम भूमिकांपैकी किमान ३० टक्के उपेक्षित मानलेल्या गटांना मिळाव्यात. उपेक्षितांना काम मिळावे, याला कोण सज्जन नाही म्हणेल? पण कथा लिहिणाऱ्याच्या शेजारी पात्रांचा सातबारा तपासणारा तलाठी बसला, की जे व्हायचे तेच होते. रकाने भरतात, कथा रिकामी होते.

उद्या असाच एखादा निर्माता 'श्यामची आई' करायला घेईल. विहिरीत उडी मारायला घाबरणाऱ्या श्यामला धीर द्यायला लंडनचा जलतरणपटू येईल. शेजारच्या काकू ब्राझीलच्या असतील. आई मात्र थोडी कमी कडक करावी लागेल, कारण शिस्त हा विषय परदेशी प्रेक्षकांना रुचत नाही! आपण हसलात. पण याच्या जवळपासचे प्रत्यक्षात घडून गेले आहे, आणि तेही मराठीच्या नावाने.

'ब्रिजर्टन' नावाच्या इंग्रजी मालिकेचा दुसरा भाग मार्च २०२२ मध्ये आला. तो ज्या कादंबरीवर आधारला, तिची नायिका केट शेफील्ड ही इंग्रज मुलगी. मालिकेत ती केट शर्मा झाली. काळ १८१४ चा, स्थळ लंडन. हिंदुस्थानातून आलेल्या या दोघी बहिणींपैकी धाकटीला मराठी आणि हिंदुस्थानी येते, असे कौतुकाने सांगितले जाते. आपली छाती क्षणभर फुलते. मग कानावर काय पडते? धाकटी थोरलीला 'दीदी' म्हणते, थोरली धाकटीला बंगालीतले 'बोन' म्हणते, आणि वडील दोघींचे 'अप्पा'. अप्पा आपल्याकडेही चालतील हो! पण मराठी येणाऱ्या घरात 'ताई' हा शब्द नसावा? आडनाव उत्तरेचे, हाक पूर्वेची, वडील दक्षिणेचे आणि भाषा नावापुरती मराठी. ज्यांनी हे लिहिले, त्यांच्या दृष्टीने हिंदुस्थान म्हणजे मसाल्याचा एकच डबा. कोणताही चिमटा टाका, चव 'भारतीय' येते.

हे एक वेळ अज्ञान म्हणून सोडून देऊ. पुढची गोष्ट सोडता येणार नाही. या मालिकेच्या कल्पित जगात राजाने एका कृष्णवर्णी राणीशी विवाह केला आणि समाजातला वर्णभेद जवळजवळ मिटला. पण खरा १८१४ कसा होता? ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायदेशीर होती. ती बंद करणारा कायदा १८३३ चा. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या शेजारी रेसिडेंट एल्फिन्स्टन येऊन बसला होता. आणि चारच वर्षांनी, फेब्रुवारी १८१८ मध्ये, याच तापीच्या काठी, आपल्या वरच्या अंगाला असलेल्या थाळनेरला काय घडले? जनरल हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला, सुमारे ३०० शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम यांना फासावर लटकवले. त्या फाशीबद्दल इंग्लंडच्या संसदेतही प्रश्न उपस्थित झाला होता.

मालिकेतल्या शर्मा भगिनी ज्या दशकात लंडनच्या दिवाणखान्यात नाचतात, त्याच दशकातले हे रक्त आहे. नृत्यात आपल्याला जागा देऊन त्यांनी थाळनेरचा डाग पुसून घेतला. हा आपला सन्मान की त्यांची सुटका, याचा विचार आपण करावा.

याची दुसरी बाजूही पाहा. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीत प्राध्यापक नारायण गोडबोले आहेत. फॉर्स्टर देवासच्या मराठा संस्थानात काम करून गेले होते, म्हणून त्या कादंबरीतल्या गोकुळाष्टमीत तुकोबांचे नाव येते. १९८४ साली डेव्हिड लीन यांनी तिचा चित्रपट केला आणि गोडबोले कोणी केले? अ‍ॅलेक गिनेस या इंग्रज नटाने, चेहऱ्याला रंग लावून! तेव्हा मराठी माणसासाठी मराठी नट मिळाला नाही. आज इंग्रज मुलीच्या जागी मराठी बोलणारी शर्मा मिळते. दोन्ही वेळा गोडबोल्यांच्या घरी कोणी विचारायला गेले नाही.

इथे कोणी म्हणेल, नटाची जात, रंग, देश पाहायचा नसतो. मान्य. आपल्यापेक्षा हे अधिक कोणाला ठाऊक आहे? दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन'मध्ये १९१७ साली अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. बालगंधर्वांच्या साडीची नक्कल कुलीन स्त्रिया करीत. 'जैत रे जैत' या १९७७ च्या चित्रपटात ठाकर समाजाची कथा आली. तिची नायिका ठाकर नव्हती, ती शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची कन्या स्मिता. पण कथा ठाकरांची होती, डोंगर त्यांचा होता, देव त्यांचा होता. नट बाहेरचा चालतो, कथेची माती बाहेरची चालत नाही. सक्तीच्या वैविध्यात नेमके उलटे होते. माती परक्याची राहते, चेहरा तेवढा आपला चिकटवतात.

आता बोट आपल्याकडे वळवू या, नाहीतर हे व्याख्यान केवळ करमणूक ठरेल. आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांनी वनवासी बांधव कसा दाखवला? कमरेला पाने, हातात भाला आणि तोंडी 'झिंगालाला'. लंडनने मराठीचे जे केले, तेच मुंबईने भिल्ल आणि पावरा समाजाचे केले. तेव्हा आपण किती जणांनी निषेधाचे पत्र लिहिले? सेंधव्याच्या घाटात इंग्रजांची चाकरी सोडून त्यांच्यावरच उलटलेले खाज्या नाईक, व्यसनमुक्तीचा मार्ग दाखवून परस्परांना 'आप' म्हणायला शिकवणारे संत गुलाम महाराज, त्यांच्या अनुयायांवर १९४३ साली रावलापाणीला झालेला गोळीबार, हे आपल्या मुलांनी पडद्यावर कधी पाहिले? नंदुरबारच्या शिरीषकुमाराचे नाव तरी चौकात आहे. बाकीच्यांचे काय?

इथल्याच पांढरीच्या टेकाडात १९५४-५५ साली पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले. एकाच गावाच्या थरांत माळव्याच्या धाटणीची भांडी निघाली, जोर्वे धाटणीची निघाली आणि उत्तरेकडची काळी चकचकीत भांडीही निघाली. ती कोणी टक्केवारी ठरवून ठेवली नव्हती. माणसे आली, राबली, सोयरीक जुळली आणि थर साचत गेले. आजही आठवडे बाजारात गुजरी, अहिराणी, भिली, पावरी एकमेकींच्या शेजारी बसून भाजी विकतात. हे वैविध्य आपल्याला कोणाकडून उसने आणायचे नाही.

म्हणून निषेधाचा ठराव करून घरी जाऊ नका. या सुट्टीत मुलांना एकदा थाळनेरला न्या, एकदा रावलापाणीला न्या. ज्या फोनवर ती मालिका पाहतात, त्याच फोनवर आपल्या आजीची आणि पाड्यावरच्या आजीची कहाणी त्यांना तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करू द्या. उद्या त्यांच्यापैकी कोणी चित्रपट काढला, तर त्यात ताईला 'ताई'च म्हटले जाईल, आणि पाड्यावर तिला जे म्हणतात तेही त्याला ठाऊक असेल.