दुसरं मत: कधी आणि कसं?

कर्करोगाचं निदान हाती आलं की भुसावळजवळच्या वरणगावातल्या घरात पहिला प्रश्न उठतो: आणखी एका डॉक्टरांना दाखवावं का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' असावं. उपचार ठरतात ते गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवरून. प्रकार किंवा टप्पा वेगळा निघाला, तर शस्त्रक्रिया आधी की केमो, हेही बदलतं. म्हणून नुसता कागद नको. रुग्णालयाकडून त्या तुकड्याच्या काचपट्ट्या, मेणाचा ब्लॉक आणि स्कॅन मागून घ्या.

वेळ जाईल, ही भीती रास्त आहे. मात्र बहुतेक गाठींमध्ये आठवडाभराने फारसं बिघडत नाही. रक्ताचा तीव्र कर्करोग, रक्तस्राव किंवा श्वास अडकणं असेल, तर थांबू नका. डॉक्टर रागावतील, हा संकोचही नको. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या मताचा हक्क नोंदलेला आहे. दुसरं मत कुठे घ्यावं म्हणाल, तर भुसावळहून रेल्वेने मुंबई गाठून १९४१ पासून चालणाऱ्या टाटा स्मारक रुग्णालयात जाता येतं. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडशी जोडलेल्या 'नव्या' सेवेकडे अहवाल ऑनलाइनही पाठवता येतात. दोन मतं जुळली, तर तिसऱ्याच्या शोधात न फिरता उपचार सुरू करा.